एका शिवणयंत्राची मिसल

आमचे तीर्थरूप निजामी अमदानीत तहसिलीत पेशकार होते, आणि मिसल पुरी झाल्यावाचून हुकूम लिहू नये हा दंडक त्यांनी कचेरीइतकाच घरातही इमानाने पाळला. परिणामी माळवद तसेच ठेवावे की त्यावर पत्रे घालावेत, या प्रश्नाची मिसल पुरी होत असतानाच एका भाद्रपदात पाठभिंत वाहून गेली आणि प्रश्न आपोआप निकालात निघाला. पुढे मीही महसूल खात्यात अव्वल कारकून झालो, लोक मला ‘भाऊसाहेब’ म्हणू लागले, आणि वडिलांकडून शेत आले नाही तरी हा दंडक मात्र वारसाहक्काने माझ्या नावे निर्वेध चढला. गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत जी मिसल माझ्या उशाशी होती, तिचा विषय एवढाच होता की, चामडे शिवण्याचे एक जुने, कारखान्यातून निघालेले यंत्र खरेदी करावे किंवा कसे.

महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थाचा चामड्याशी संबंध काय, अशी पृच्छा आमच्या गल्लीनेही केली होती, म्हणून त्याचा खुलासा आरंभीच करतो. तीस वर्षे खांद्यावर वाहिलेली माझी कातडी पिशवी निवृत्तीनंतर आठवड्याभरातच वादीपाशी तुटली. (सरकारी नोकरीतल्या वस्तूही सेवाकालाची मुदत पाळतात की काय, नकळे.) ती घेऊन मी नगारखाना दरवाज्याजवळ बसणाऱ्या तात्यांकडे गेलो. तात्यांच्या मागे संत रोहिदासांची तसबीर, पुढ्यात ऐरण, डाव्या हाताला रापी आणि उजव्या हाताला आरी, ही मांडणी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यांनी वादी शिवून दिली असती तर पाच मिनिटांत प्रकरण मिटले असते, परंतु तो श्रावणातला शनिवार होता, रात्रभर चालत शहरातून भद्रा मारुतीला आलेल्या भाविकांच्या तुटक्या चपलांचा त्यांच्यापुढे ढीग पडला होता, आणि म्हणून त्यांनी आरी व मेण लावलेला दोरा माझ्याच हाती देऊन म्हटले, “भाऊसाहेब, तुम्हीच मारा चार टाके. चुकले तर सांगतो.” मी चार मारले, चारही चुकले, आणि ते पाचवा मारावयास सांगण्याच्या आत मी त्या विद्येच्या कायमचा अधीन झालो होतो.

हाताने चामडे शिवण्याची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात, आरीने आधी भोक पाडावयाचे, आणि मग त्या एकाच भोकातून एक सुई इकडून तिकडे व दुसरी तिकडून इकडे, अशी सामोपचाराने काढावयाची. त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके आपापली जागा धरून राहतात. यंत्राचा टाका निराळा. तेथे वरचा दोरा वरच राहतो, खालचा खालीच राहतो, आणि दोघांची गाठभेट चामड्याच्या पोटात, क्षणभर, अधिकृत कामापुरती होते. एक झिजून तुटला की दुसऱ्यावर जबाबदारी उरत नाही. ही व्यवस्था मला कचेरीतल्या दोन टेबलांची आठवण करून देते. आणखी एक भेद असा की, कापडाला क्षमा ठाऊक आहे, चुकलेली शिवण उसवली की धागे पुन्हा सरकून जवळ येतात. चामड्यात एकदा पडलेले भोक मात्र फेरफाराच्या नोंदीसारखे कायम असते, वर कितीही शेरे मारा.

या दोन सुयांनी मी मिनिटास सहा टाके घालू लागलो, आणि एका पिशवीस सुमारे 600 टाके लागत, म्हणजे पिशवीस शंभर मिनिटे. एवढ्यावर माणसाने समाधानी राहावे. परंतु कोणी एकाने मला सांगितले की जाड मालाचे कारखान्यातले यंत्र मिनिटास 2000 टाके घालते, आणि त्या रात्री मी अंथरुणावर पडून हिशेब मांडला तो असा : सहाशे टाक्यांस अठरा सेकंद, बचत एक तास, एकोणचाळीस मिनिटे व बेचाळीस सेकंद. या बचतीचे मी करणार काय, हा प्रश्न मिसलीत पुढे कुटुंबाने उपस्थित केला. त्या रात्री तो मला सुचला नाही.

सुचावयास हवा होता, कारण शिवणकामाच्या अर्थशास्त्राचा एक नामांकित दाखला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पुरलेला आहे. शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, औरंगजेबाची मातीची कबर आहे. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली, निजामाने करविलेली. पंचवीस वर्षे ज्याच्याशी झुंज दिली त्या बादशहाविषयी महाराष्ट्राचे जे मत आहे तेच माझेही आहे, ते येथे उगाळीत बसत नाही. मात्र 1707 साली अहमदनगरास मरण पावलेल्या या माणसाच्या नावे जे मृत्युपत्र सांगितले जाते, त्यातली एक नोंद कारकून या नात्याने मला स्वस्थ बसू देत नाही. हाताने टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी खर्चावेत आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले 305 रुपये फकिरांस वाटावेत, असे त्यात म्हटले आहे. आता, हे चार रुपये दोन आणे ढोबळ की निव्वळ? कापड कोणाचे? दोऱ्याचा खर्च कोणत्या सदरी पडला? टोपी विकत घेणाऱ्यास ‘महाग आहे’ असे म्हणण्याची मुभा होती काय? लेखापरीक्षणात यांपैकी एकही प्रश्न सुटला नसता. तरीही एवढे सिद्ध होते की ज्याच्या पदरी अवघ्या हिंदुस्थानचा महसूल होता त्याला शिवणकामातून एवढीच शिल्लक पडली, आणि ती देखील यंत्राची किंमत वजा न करता.

घरात यंत्र नव्हते असे नाही. कुटुंबाने माहेरून आणलेले काळे, सोनेरी वेलबुट्टीचे हातयंत्र आहे, आणि त्यावर मी एकदा, ती भजनी मंडळात गेली असता, चामड्याचे दोन पदर घालून पाहिले होते. पहिली सुई वाकली, दुसरी मोडली, तिसरीचे टोक कोठे गेले ते मला खिडकीच्या चौकटीत रुतलेले दुसऱ्या दिवशी सापडले. तो अपराध सर्वस्वी माझा. त्या यंत्राची घडण परकर-पोलक्यासाठी आहे, वहाणांसाठी नाही. तेव्हापासून त्याला कुलूप आहे आणि किल्ली पोथीत आहे.

तेव्हा मी रीतसर साक्षी नोंदविण्यास प्रारंभ केला. पहिली साक्ष मोंढ्याजवळच्या शिंपी मास्टरांची. त्यांनी प्रथम चहा मागविला, हे साक्षीच्या विश्वसनीयतेस पोषक होते, आणि मग म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्हाला सगळे सांगतील की मशीन जोरदार पाहिजे. जोराचं काही नाही. ओढ पाहिजे. कापडाच्या मशीनला खालचे दात तेवढे ओढतात. वरचा पाय नुसता दाबून बसतो. चामड्याचा खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि पिशवीचं तोंड वाकडं होतं. तुम्हाला वरचा पायही चालणारा पाहिजे, आणि जमलं तर सुईसुद्धा दातांबरोबर पुढे सरकणारी पाहिजे.” ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून मला नुकतेच ज्ञान झाले होते की फ्रान्सात थिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 साली शिवणयंत्राचे पेटंट मिळवून सैन्याच्या गणवेशांसाठी सुमारे 80 यंत्रांचा कारखाना थाटला, आणि पोट बुडेल या भीतीने इतर शिंप्यांनी तो पुढल्याच वर्षी फोडून टाकला. ही हकीकत मी मास्टरांना सहानुभूतीने ऐकविली. त्यांनी बशीतला चहा संपविला आणि विचारले, “ऐंशीच होती?”

दुसरी साक्ष वाळूजच्या कारखान्यात असलेल्या भाच्याची, दूरध्वनीवरून. तरुण पिढीची साक्ष लहान असते. “मामा, जुन्यात क्लच मोटर असेल. ती चालू केली की तुम्ही शिवा नाहीतर बसून राहा, घरघरतच राहते. आणि पाय जरा जास्त पडला की गाडी सुसाट. चामड्यात एवढी भोकं पडतील की चाळणी होईल. सर्व्हो बसवा.” सर्व्हो म्हणजे काय, हे मी त्याला विचारले नाही; कारण विचारले असते तर मिसलीस एक पुरवणी जोडावी लागली असती.

खरी साक्ष तात्यांची. मी त्यांच्यापुढे सगळे कागद वाचले. ते एका चपलेचा अंगठा बसवीत होते, आणि तो बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, “भाऊसाहेब, चांगला बैल बाजारात कोण आणतो? एक, ज्याला दुसरा घ्यायचाय तो. नाहीतर, ज्याला हा बैल कळलाय तो. विकणारा यातला कोणता, तेवढं बघून या. आणि दात बघा.”

हे ऐकून मला जो आनंद झाला तो अवर्णनीय होता. बैलाची पारख आमच्या मराठवाड्यात पोरासोरांना येते; दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, या पायऱ्या मला पाठ होत्या; आणि शिवणयंत्रासही दात असतात, ते झिजले की माल सरकत नाही, ही गोष्ट मास्टरांनी सांगितलीच होती. त्या रात्री मी पंचनाम्याचा नमुना आखला. रकाने 27 झाले. तो उशाखाली ठेवून मी आणखी तीन आठवडे विचार केला. या विलंबाबद्दल मला कोणी दोष देऊ नये. इतर गावचे मारुती द्रोणागिरी उचलून आकाशमार्गाने धावत असतात, आमचा भद्रा मारुती स्वस्थ आडवा पहुडलेला आहे, आणि महत्त्वाचे निर्णय पाठ टेकून घेण्याची ग्रामदैवतानेच घालून दिलेली वहिवाट मोडण्याचा अधिकार अव्वल कारकुनास नाही.

अखेर माघात एके दिवशी मी शहरात, जुन्या यंत्रांच्या एका दुकानी दाखल झालो. दुकानदार अत्यंत आर्जवी गृहस्थ होते. ‘फक्त दोन वर्षं वापरलेलं’ असे म्हणत त्यांनी यंत्र दाखविले. ते हिरवट, अवजड, तेलाने माखलेले, एखाद्या निवृत्त फौजदारासारखे टेबलात रुतून बसलेले होते. मला ते पाहताक्षणीच आवडले. ही गोष्ट मी पंचनाम्यात नोंदविली नाही, आणि आता येथे प्रथमच कबूल करीत आहे की पुढली सारी चौकशी या एका नोंद न झालेल्या बाबीस पुरावा जमविण्यासाठी होती.

त्यांनी एकेरी मांजरपाटावर एक शिवण घालून दाखविली. ती इतकी सरळ आली की तहसिलीतल्या नकाशावर शेताची हद्द म्हणून चालली असती. मी पिशवीतून माझ्या चामड्याचे चार पदर एकत्र करून पुढे ठेवले, आणि दुकानदारांचे आर्जव किंचित उणावले. जुने यंत्र घेणाऱ्याने आपलाच माल आणि आपलाच दोरा नेऊन पाहावे, हे तत्त्व मला कोणी शिकविले नव्हते. पंचनाम्यास मुद्देमाल लागतो, एवढ्यावरून ते सुचले. दर पाचव्या ठिकाणी टाका उडत होता. “सुईचा दोष,” ते म्हणाले, आणि चामड्याची, टोकाला धार असलेली सुई लावली. मग दर अकराव्या ठिकाणी उडू लागला. “दोरा बारीक आहे,” ते म्हणाले. दोरा बदलला. मग टाका उडेना, पण खालच्या बाजूस दोऱ्याचे घोस लोंबू लागले. “टेन्शन,” ते म्हणाले, आणि एक चकती पिळून ते त्यांनी यंत्राचे कमी केले, माझे वाढविले.

मी चाक हाताने फिरवून पाहिले, सुईचा दांडा धरून हलविला, बॉबिन काढून तिच्या घराच्या कडा नखाने चाचपल्या, आणि दात पाहिले. दात जुळलेले होते. मग मी यंत्राचे डोके मागे कलंडविण्याची विनंती केली. खालच्या तेलाच्या तबकात जो ऐवज मिळाला त्याची यादी मिसलीत अशी आहे : मोडक्या सुयांची टोके, नग 14; रेक्झिनचे तुकडे, लाल व काळे; झुरळ, मृत, 2; आणि चार आण्याचे नाणे, 1. या शेवटच्या नगाकडे मी दुकानदारांचे लक्ष वेधले. चार आण्याचे नाणे 30 जून 2011 रोजी चलनातून गेले. तेव्हा ते शिवणाऱ्याच्या खिशातून पडले असेल तर त्या तारखेपूर्वी, आणि यंत्र जर त्या तारखेपूर्वी कामावर असेल तर ‘दोन वर्षं’ हे विधान अभिलेखाशी विसंगत ठरते. दुकानदारांनी नाणे उलटसुलट करून पाहिले, मग मोठ्या मनाने म्हणाले, “साहेब, हे नाणं तुम्हीच ठेवा.” यंत्र सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराचे होते, आणि त्याने दुसरे घेतले म्हणून हे विकले, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे तात्यांच्या वर्गवारीतला पहिला वर्ग. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, म्हणजे दुसराही.

28,000 सांगितले. मी 18,000 म्हटले. त्यांनी आपल्या मुलांची शपथ घेतली, मी माझ्या निवृत्तिवेतनाची. 22,500 वर हातावर हात पडला नाही, परंतु पडण्याच्या बेतात राहिला, कारण वरिष्ठांची मंजुरी अद्याप बाकी होती.

वरिष्ठ स्वयंपाकघरात होते. मी प्रस्ताव अप्रत्यक्षपणे मांडला. यंत्रांविषयी ज्यांना मुळीच ममत्व नव्हते त्या गांधीजींनीदेखील 1924 सालच्या एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी, त्याने ते यंत्र घडविले असे ते मानीत. ही हकीकत मी गहिवरून सांगितली. कुटुंबाने कढईतली फोडणी परतीत विचारले, “आणि त्या बाईनं ते ठेवलं कुठं?” मी निरुत्तर झालो. त्या सद्गृहस्थाने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते, त्याच्या अपत्यांची संख्या वीसच्या वर गेली होती, आणि टोकाशी नेढे असलेल्या सुईचे पेटंट त्याच्या आधी, 1846 सालीच, एलियास हाउने घेतलेले असल्यामुळे त्याला कोर्टात हार पत्करून हाउला मोबदला द्यावा लागला होता, या बाबी माझ्या अभिलेखात होत्या. परंतु त्या पुढे केल्याने जागेचा प्रश्न सुटला नसता. “त्या वाचलेल्या पावणेदोन तासांचं काय करणार आहात?” हा दुसरा प्रश्न. “तेव्हा मी दुसरी पिशवी शिवीन.” “पहिल्या अकरा पिशव्या कोणी नेल्या?” हा तिसरा. मी तिला मिसलीत या शेऱ्यांस स्वतंत्र पान देण्याचे आश्वासन दिले. तिने पडवीतला कोठीचा कोपरा रिकामा करून दिला, हे मात्र नमूद केलेच पाहिजे, आणि तो तिने प्रश्न विचारण्याच्या आदल्या दिवशीच झाडून ठेवला होता, हेही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी यंत्र टेम्पोतून दौलताबादचा घाट चढून आले. ते उतरविण्यास दोन हमाल, माझा शेजारी आणि शेजाऱ्याचे पाच सल्ले लागले. तात्या दुकान बंद करून आले होते; मास्टर आले होते. वायरमनला बोलावले. त्याने मोटारीवरचे ओंगण फडक्याने पुसले, तिथली पितळी पट्टी वाचली, माझ्या भिंतीवरच्या बटणाकडे पाहिले, पुन्हा पट्टी वाचली आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाला, “भाऊसाहेब, ही तीन फेजची मोटर आहे. 415 व्होल्ट. तुमच्या घरी एकच फेज आहे.” दुकानदाराच्या येथे तीन फेज होते. माझ्या पंचनाम्यात 27 रकाने होते. विजेचा रकाना नव्हता. वीज हा विषय महसुलाकडे कधीच नव्हता.

तूर्त पट्टा काढून ठेवला आहे. नवी जोडणी मागावी की भाच्याची सर्व्हो बसवावी, या विषयाची दुसरी मिसल उघडली असून तीत आजवर नऊ कागद झाले आहेत. मध्यंतरीच्या व्यवस्थेसाठी तात्यांनी चाकास बाभळीची एक मूठ बसवून दिली. ती उजव्या हाताने फिरविली की यंत्र मोठ्या खानदानी आवाजात एकेक टाका घालते, मिनिटास वीस, तोही न उडता. आणि खरे सांगावयाचे तर अशी शिवण मला दोन सुयांनी कधी साधली नाही. तात्या येता-जाता बसतात, मूठ फिरवून पाहतात आणि ‘बैल गरीब आहे’ म्हणतात.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री शहराकडून हनुमान जयंतीची पायी माणसे येऊ लागली. पहाटे तीनच्या सुमारास पडवीतला दिवा पाहून एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा थांबला. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा मुळापासून उखडलेला, आत पाण्याच्या बाटल्या आणि नारळ. “आजोबा, शिवून मिळेल का?” असे त्याने विचारले. इतक्या महिन्यांच्या साक्षीपुराव्यांनंतर यंत्रापुढे आलेले हे पहिले परके गिऱ्हाईक. मी चष्मा लावला, बॉबिन भरली, दोरा खुंटीवरून चकतीत, चकतीतून कमानीत, कमानीतून आकड्यात असा सात ठिकाणांहून ओवीत सुईपर्यंत आणला, आणि नेढ्याशी तो तीनदा फाटला. मुलगा उभ्यानेच देवळाच्या दिशेने पाहत होता. “आजोबा,” तो संकोचून म्हणाला, “हातानंच मारा ना दोन टाके. आरती चुकेल.”

मी आरी घेतली. बारा टाके घातले, दोन मिनिटे लागली. पिशवी पाठीला लावून, पट्टा ओढून पाहून त्याने विचारले, “किती द्यायचे?”

“चार रुपये दोन आणे,” मी म्हणालो.

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग माझ्या तळहातावर पाच रुपयांचे नाणे ठेवून, सुट्ट्यांची वाट न पाहता, गर्दीत निघून गेला.